1840 पासून दिवस मोजणारं हॉस्पिटल

महाराष्ट्र राज्याची स्थापना कोणत्या दिवशी झाली असं विचारलं, तर आपण 1 मे 1960 म्हणू. अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या हॉस्पिटलांच्या संगणकांत मात्र त्या दिवसाचं नाव आहे 43585. भारत स्वतंत्र झाला तो दिवस 38942. 31 डिसेंबर 1840 हा शून्य, 1 जानेवारी 1841 हा पहिला दिवस आणि तिथून पुढे रोज एक वाढवत जायचं, अशी ही मोजदाद आहे.

पण 1840 च का? त्या वर्षी वैद्यकात किंवा गणितात काही मोठं घडलं होतं असं नाही. 1969 मध्ये जेम्स पॉयट्रास नावाचा प्रोग्रामर पेशंटच्या तारखा साठवायची पद्धत ठरवत होता. आजच्या आकड्यातून जन्माचा आकडा वजा केला की वय हाती यावं, एवढीच त्याची गरज. मग सुरुवात कुठून करायची? हयात माणसांत सर्वांत म्हातारं कोण असेल? अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला एक सैनिक 121 वर्षांचा आहे, असं त्याच्या वाचनात आलं होतं. त्या आजोबांची जन्मतारीखही मावली पाहिजे म्हणून तो 1840 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मागे गेला. दर चौथं वर्ष लीप धरायचं गणित सोपं व्हावं म्हणून पहिलं वर्ष 1841 ठरलं. आजोबा खरंच तेवढे म्हातारे होते का, याला आता महत्त्व उरलेलं नाही. त्यांच्यासाठी राखून ठेवलेली जागा अर्धशतक उलटलं तरी तशीच आहे.

मोठ्या हॉस्पिटलची संगणकव्यवस्था आधुनिक करायची म्हणजे असल्या हजारो निर्णयांना हात घालायचा. प्रत्येक निर्णय कुणीतरी, कधीतरी, कुठलातरी माणूस डोळ्यांसमोर ठेवून घेतलेला असतो. पुढे कारण विस्मरणात जातं आणि निर्णय मात्र इमानेइतबारे काम करत राहतो.

ही मोजदाद ज्या संगणकभाषेतली आहे तिचं नाव मम्प्स. होय, गालगुंडाचंच नाव. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये 1966-67 मध्ये डॉ. ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेत नील पापालार्डो, रॉबर्ट ग्रीन्स आणि कर्ट मार्बल यांनी ती तयार केली. ‘मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल युटिलिटी मल्टी-प्रोग्रामिंग सिस्टीम’ या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं. 1846 मध्ये ईथर देऊन जाहीर शस्त्रक्रिया करून दाखवली गेली ती याच हॉस्पिटलात. त्या प्रयोगाचं नाव सगळे घेतात, मम्प्सचं नाव डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. खरं तर आज अमेरिकेत एखाद्याच्या रक्ताचा रिपोर्ट पडद्यावर उमटतो तेव्हा त्यामागे मम्प्स किंवा तिची एखादी वंशज भाषा चालत असण्याची शक्यता बरीच मोठी असते.

या मंडळींच्या हाती पीडीपी-7 हा संगणक होता. केन थॉम्पसननं 1969 मध्ये युनिक्स या संगणकप्रणालीची सुरुवात केली तीही याच जातीच्या यंत्रावर. आजच्या स्वस्तातल्या स्वस्त फोनपुढेही त्याची स्मृती नगण्य ठरेल. त्यामुळे अक्षर न् अक्षर वाचवायचं होतं. आज्ञा पूर्ण लिहायची गरज नाही, तिचं पहिलं अक्षर पुरे. गणिताचे नियमसुद्धा छाटले. आपण शाळेत ‘कंचेभागुबेव’ घोकलं, पण मम्प्सला ते मान्य नाही. ती डावीकडून उजवीकडे सरळ चालत जाते, म्हणून तिच्या लेखी 2 अधिक 3 गुणिले 4 याचं उत्तर 20. ‘12 गोळ्या’ या शब्दांत 1 मिळवायला सांगितलं तर ती तक्रार न करता 13 म्हणते. संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांना या भाषेचा तिटकारा वाटतो, आणि तिच्यात लिहिलेला मजकूर पाहिला की त्यांना दोष देववत नाही.

मग ही भाषा टिकली कशी? माहिती साठवायच्या तिच्या पद्धतीमुळे. नेहमीचे डेटाबेस ओळी आणि रकाने आखून बसतात. हॉस्पिटलमध्ये करता येण्याजोग्या तपासण्या हजारो आहेत आणि एका माणसाच्या वाट्याला त्यांतल्या पाच-पंचवीस येतात. प्रत्येक पेशंटसाठी हजारो रकाने आखले तर बहुतेक रिकामेच राहणार. मम्प्सची तऱ्हा वाण्याच्या खातेवहीसारखी आहे. दुकानात आठशे जिनसा असल्या, तरी गिऱ्हाइकाच्या पानावर त्यानं उचललेल्या जिनसाच चढतात. पेशंटचा क्रमांक, त्याखाली प्रयोगशाळा, त्याखाली तारीख, त्याखाली तपासणी, त्याखाली आकडा, अशी फांदीला फांदी फुटत जाते. जे घडलं तेवढंच लिहिलं जातं, न घडलेल्याला जागा लागत नाही. माणसाचा आजारही असाच वाढतो. एका पायाच्या जखमेतून मधुमेह उघड होतो, त्यातून मूत्रपिंड, त्यातून डोळे. झाड कुठे किती फुटणार हे आधी ठाऊक नसतं. पुढे संगणकशास्त्रात अशा मोकळ्याढाकळ्या साठवणीची लाट आली, तेव्हा मम्प्सवाले बहुधा गालात हसले असतील.

पापालार्डोनं 1969 मध्ये मेडिटेक ही कंपनी काढली. 1979 मध्ये जूडी फॉकनर यांनी विस्कॉन्सिन राज्यात एका तळघरात सुरू केलेली कंपनी पुढे एपिक झाली. तीही याच झाडावर वाढली, आणि आज अमेरिकेतल्या मोठमोठ्या हॉस्पिटलांत तिचं राज्य आहे. पण मम्प्सची सर्वांत विलक्षण कहाणी माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांत घडली, आणि ती सुरू झाली चोरून.

अमेरिकेचं माजी सैनिक खातं, तिथल्या बोलीत व्हीए, सुमारे 170 हॉस्पिटलं चालवतं. 1970 च्या दशकात खात्याचे संगणक एका मध्यवर्ती कार्यालयाच्या ताब्यात होते. हॉस्पिटलांना काय हवं ते वॉशिंग्टनमध्ये ठरायचं. 1977-78 च्या सुमारास टेड ओनील आणि मार्टी जॉन्सन यांनी वेगळाच खेळ मांडला. लहान संगणक थेट हॉस्पिटलात ठेवायचे आणि प्रोग्रामरनं डॉक्टर, फार्मासिस्ट, कारकून यांच्या शेजारी बसून लिहायचं. आज लिहिलेलं उद्या वॉर्डात चालवून बघायचं, चुकलं तर परवा बदलायचं. मध्यवर्ती कार्यालयाला हे अर्थातच खपलं नाही. काम बंद करण्याचे हुकूम सुटले, माणसं काढली गेली, यंत्रं उचलून नेली गेली. तरीही काम थांबेना. प्रोग्रामर एकमेकांना कोड पाठवत राहिले आणि डॉक्टर त्यांना आडोसा देत राहिले. या मंडळींना ‘भूमिगत रेल्वे’ असं नाव पडलं. पळून जाणाऱ्या गुलामांना उत्तरेकडे पोचवणाऱ्या गुप्त साखळीचं हे ऐतिहासिक नाव. मंडळींना ते इतकं आवडलं की त्यांच्यापैकी टॉम मुनेके यांनी त्याची ओळखपत्रंच छापून घेतली. 1982 मध्ये खात्यानं अखेर या कामाला राजमान्यता दिली.

त्यांच्यातल्या जॉर्ज टिमसन यांनी लिहिलेला फाइलमॅन हा प्रोग्राम या सगळ्याचा पाया. फाइलमॅन तारखा दिवसांत मोजत नाही. तो सालातून 1700 वजा करतो आणि पुढे महिना-दिवस लावतो. त्यामुळे आपला महाराष्ट्र दिन त्याच्याकडे 2600501 होतो. 31 डिसेंबर 1999 च्या रात्री सालाचे दोनच आकडे साठवणाऱ्या संगणकांनी जगाची झोप उडवली होती. फाइलमॅनचा त्या रात्री 299 चा 300 झाला, इतकंच.

या यंत्रणेला 1990 च्या दशकात व्हिस्टा हे नाव मिळालं. तिच्यात काय काय शिरलं ते पाहण्यासारखं आहे. कॅन्सस राज्यातल्या टोपेकाच्या व्हीए हॉस्पिटलमध्ये सू किनिक नावाच्या नर्स होत्या. भाड्यानं घेतलेली गाडी परत करताना त्यांनी पाहिलं, की तिथला माणूस हातातल्या यंत्रानं गाडीवरचा बारकोड टिपतो आणि क्षणात हिशेब पुरा होतो. गाडीचं हे होतं, तर औषधाचं का होऊ नये? आधी पेशंटच्या मनगटावरची पट्टी टिपायची, मग गोळीचं पाकीट. माणूस, औषध, मात्रा आणि वेळ जुळली तरच संगणक होकार देणार. 1990 च्या दशकात टोपेकात हा प्रयोग झाला आणि पुढे देशभरच्या सगळ्या व्हीए हॉस्पिटलांत पसरला. भाड्याच्या गाड्यांच्या रांगेत सुचलेली एका नर्सची कल्पना राष्ट्रव्यापी यंत्रणेत उतरू शकली, कारण प्रोग्रामर तिच्या हाकेच्या अंतरावर होता.

ऑगस्ट 2005 मध्ये कत्रिना चक्रीवादळानं न्यू ऑर्लिन्स बुडवलं. शहरातल्या दवाखान्यांतले कागद लगद्यात गेले. व्हीए हॉस्पिटलच्या बॅकअप टेप मात्र ह्यूस्टनला पोचल्या, आणि दूरदूरच्या राज्यांत पांगलेल्या माजी सैनिकांची औषधं, ॲलर्जी, जुने रिपोर्ट तिथल्या डॉक्टरांना पडद्यावर दिसले. सरकारी खर्चानं लिहिलेलं असल्यामुळे व्हिस्टाचं कोड कुणालाही मागून घेता येत होतं. ते दिल्लीपर्यंत आलं. मॅक्स हेल्थकेअरच्या हॉस्पिटलांनी आपली इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्रणा त्यावरच उभी केली.

एवढी गुणी यंत्रणा असताना ती बदलायची दुर्बुद्धी का सुचली, असं कुणालाही वाटेल. पण ती निव्वळ दुर्बुद्धी म्हणता येणार नाही. शेजारी बसून लिहिण्याची किंमत अशी, की प्रत्येक ठिकाणचा शेजारी वेगळा होता. कालांतरानं देशात एक व्हिस्टा उरला नाही, सुमारे 130 झाले. एका हॉस्पिटलमध्ये दुरुस्त केलेलं दुसऱ्यात तसंच चालेल याची खात्री नाही. मम्प्स जाणणारी पिढी निवृत्तीला आली आणि नव्या मुलांना ती शिकायची हौस नाही. आणि सैन्याची यंत्रणा निराळी असल्यामुळे गणवेश उतरवून माजी झालेल्या माणसाची वैद्यकीय कुंडली उंबरठ्यावरच अडायची. दोन्ही खात्यांनी मिळून एकच यंत्रणा बांधण्याचा घाट घातला होता, तो 2013 मध्ये खर्चाचे आकडे पाहून मोडला. 2015 मध्ये संरक्षण खात्यानं सर्नर कंपनीची यंत्रणा निवडली. 2017 मध्ये व्हीएनंही तीच घ्यायचं जाहीर केलं आणि मे 2018 मध्ये 10 वर्षांचा, 10 अब्ज डॉलरचा करार झाला.

इथून पुढे गोष्ट मला सर्वांत थक्क करते. जुनी यंत्रणा काढून नवी बसवणं म्हणजे एका संगणकातली माहिती दुसऱ्यात ओतणं, अशी आपली समजूत असते. हॉस्पिटलात ‘माहिती’ नावाची सुटी वस्तू नसतेच.

साखरेचंच बघा. पुण्यातल्या लॅबचा रिपोर्ट 108 सांगतो, लंडनमधला 6. दोन्ही बरोबर आहेत. आपल्याकडे आणि अमेरिकेत मिलिग्रॅम मोजतात, ब्रिटनमध्ये मिलिमोल, आणि दोन्हींत साधारण 18 पटींचा फरक. नुसता 6 हा आकडा नव्या घरी पोचला आणि त्याचं एकक वाटेत गळालं, तर तो मृत्यूच्या दारातल्या माणसाचा आकडा होतो. शिवाय साखर रक्तातली की लघवीतली, बोट टोचून घेतलेली की शिरेतून, उपाशीपोटी की जेवल्यावर? जुन्या यंत्रणेत हे कुठे तपासणीच्या नावात असतं, कुठे शेऱ्यात, कुठे फक्त लॅबमधल्या ज्येष्ठ तंत्रज्ञाच्या डोक्यात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रेगनस्ट्रीफ संस्थेनं 1994 मध्ये लॉइंक नावाची जगभरच्या तपासण्यांची क्रमांकयादी सुरू केली ती यासाठीच. रक्तद्रवातली साखर मिलिग्रॅममध्ये मोजली तर 2345-7, मिलिमोलमध्ये मोजली तर 14749-6. आता 130 व्हिस्टांत 130 ठिकाणच्या लोकांनी आपापल्या सोयीनं दिलेली तपासण्यांची नावं घ्या आणि प्रत्येकासमोर यातला बरोबर क्रमांक लिहा. हे काम कुठलाही प्रोग्राम पूर्णपणे करू शकत नाही. कुणीतरी जाणकार माणूस बसून एकेक नाव वाचतो आणि शंका आली की त्या लॅबला फोन लावतो. 2019 मध्ये सुमारे 2 कोटी 35 लाख माजी सैनिकांच्या आरोग्यनोंदी नव्या कंपनीच्या साठ्याकडे हलवायला सुरुवात झाली. त्या आकड्यामागे असली किती फोनाफोनी दडलेली असेल, याचा विचार केला की गरगरायला होतं.

दुसरं आश्चर्य यंत्रांच्या आपसांतल्या गप्पांचं. मोठ्या हॉस्पिटलमध्ये एकच संगणकव्यवस्था कधीच नसते. लॅबचं यंत्र वेगळ्या कंपनीचं, एक्स-रेचं वेगळं, फार्मसीचं वेगळं, बिलिंगचं वेगळं. त्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून 1987 पासून एचएल-7 नावाची बोली घडत आली आहे. तिचे निरोप पाहिले तर मौज वाटते. उभ्या रेघांनी तोडलेले तुकडे, टोपीच्या चिन्हांनी तोडलेले उपतुकडे, कुठे काही नसेल तर नुसत्याच रेघांमागून रेघा. पेशंट दाखल झाला की ‘ए-01’ असा निरोप सुटतो. तो ऐकून लॅब त्याच्या नावानं जागा करते, फार्मसी त्याचं पान उघडते, बिलाचं मीटर सुरू होतं. दुसऱ्या वॉर्डात हलवला तर ‘ए-02’, घरी सोडला तर ‘ए-03’. एकाच माणसाचे चुकून दोन केसपेपर निघाले आणि ते एक करायचे असतील तर ‘ए-40’, आणि हा निरोप भल्याभल्यांना घाम फोडतो. कारण चुकून दोन वेगळी माणसं एक झाली, तर एकाची ॲलर्जी दुसऱ्याला चिकटते आणि ती सोडवणं दूध-पाणी वेगळं करण्याइतकं अवघड होऊन बसतं. मोठ्या हॉस्पिटलात असे निरोप अहोरात्र वाहत असतात. मधली यंत्रणा बदलायची म्हणजे हा प्रवाह चालू ठेवून त्याचं पात्र बदलायचं. ऑपरेशन थिएटरला ‘आज दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लावता येत नाही.

बँका नवी यंत्रणा आणताना जुनी आणि नवी काही काळ शेजारी-शेजारी चालवून हिशेब ताडून पाहू शकतात. हॉस्पिटलात ती चैन नाही. एकच औषध दोन ठिकाणी लिहायला लावलं तर ते दोनदा दिलं जायचं. म्हणून एक दिवस ठरतो, ज्याला सगळे ‘गो-लाइव्ह’ म्हणतात. त्या रात्री जुन्या पडद्यांवर लिहिणं थांबतं, काही तास कागदावर कारभार चालतो आणि मग नवे पडदे उघडतात. आदल्या दिवशी डोळे मिटून काम करणाऱ्या सिस्टरना दुसऱ्या दिवशी ताप कुठे नोंदवायचा हे शोधावं लागतं.

व्हीएचा हा दिवस होता 24 ऑक्टोबर 2020, ठिकाण वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरातलं मॅन-ग्रँडस्टाफ हॉस्पिटल. आधी मार्च ठरला होता, तयारी पुरी नव्हती म्हणून तो पुढे गेला, मग कोविडमुळे आणखी पुढे. नव्या यंत्रणेत डॉक्टरनं पेशंटसाठी काही मागवलं, समजा मानसोपचारतज्ज्ञाची भेट, तर तो आदेश योग्य विभागाच्या यादीत जाऊन पडायला हवा. आदेशात निवडलेलं ठिकाण यंत्रणेला ओळखू आलं नाही तर? तर तो आदेश एका वेगळ्या रांगेत जायचा. त्या रांगेचं नाव होतं ‘अननोन क्यू’, म्हणजे अज्ञात रांग. आदेश देणाऱ्या डॉक्टरला याचा पत्ता लागत नव्हता. त्याच्या दृष्टीनं आदेश गेला होता. ज्या विभागानं तो घ्यायचा, त्याच्याकडे तो पोचलाच नव्हता. रांग कुणी पाहत नव्हतं, कारण ती आहे हेच बहुतेकांना माहीत नव्हतं.

व्हीएच्या महानिरीक्षकांचा अहवाल जुलै 2022 मध्ये आला. पहिल्या काही महिन्यांत 11,000 हून अधिक आदेश त्या रांगेत जाऊन पडले होते, आणि त्यापायी पेशंटांना इजा पोचल्याची 149 प्रकरणं नोंदली गेली होती. त्यांत आत्महत्येचा धोका असलेला एक बेघर माजी सैनिक होता. त्याच्या पुढच्या भेटीचा आदेश रांगेत अडकला आणि भेट ठरलीच नाही. त्यानं संकटकाळासाठीच्या हेल्पलाइनला फोन केला तेव्हा त्याच्या मनात जीव द्यायचा विचार पक्का होता. तो वाचला, कारण तो फोन कुणीतरी उचलला.

हे वाचताना मला आपली सरकारी हॉस्पिटलं आठवली. डॉक्टरनं केसपेपरवर चुकीचा विभाग लिहिला, तर पेशंटचा भाऊ तो कागद घेऊन तीन मजले चढतो-उतरतो, दोन खिडक्यांवर शब्दाशब्दी करतो आणि तासाभरानं घाम पुसत परत येऊन म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, असा विभागच नाही म्हणतायत.’ वॉर्डातल्या मावशी चुकीची बाटली घेऊन लॅबमध्ये गेल्या, तर तिथला माणूस तिथेच त्यांच्यावर खेकसतो. या सगळ्याला आपण गैरसोय म्हणतो आणि ती आहेच. पण तो वैतागलेला भाऊ आणि त्या मावशी चूक झाल्याची वर्दी देणारी यंत्रणाही असतात. अज्ञात रांगेत पडलेल्या चुका काही निराळ्या नव्हत्या. तिनं फक्त त्या मुकाट गिळल्या. संगणकीकरणात कागद वाचतो, वेळ वाचतो, आणि कुरकुर करणारा माणूसही वाचतो. हा तिसरा फायदा हिशेबात कधी धरला जात नाही, आणि माझ्या मते घोळ तिथेच होतो.

व्हिस्टा घडवणाऱ्यांनी प्रत्येक कुरकुरीला कोडच्या ओळीत जागा दिली होती. फार्मासिस्ट म्हणाला, हे दोन औषधांचं जोडपं दिसलं की मला थांबवा. कारकून म्हणाला, हा पत्ता अर्धवट असला तर पुढे जाऊ देऊ नका. चाळीस वर्षांत साठलेल्या अशा थांबा-पाहा-विचारा यांचा ढीग बाहेरून पाहणाऱ्याला जुनाट गुंता वाटतो. त्यातला काही भाग खरोखर गुंता असतोच. पण गुंता कोणता आणि शहाणपण कोणतं, हे सांगणारी पाटी त्या ओळींवर नसते. नवी यंत्रणा विकत आणली की ती दुसऱ्या हॉस्पिटलांच्या कुरकुरी घेऊन येते. त्याही मौल्यवान असतात, फक्त आपल्या नसतात. कोऱ्या पाटीवर सुरुवात करणाऱ्या हॉस्पिटलसाठी सर्नर वाईट होती असं मला वाटत नाही. संरक्षण खात्यानं तीच यंत्रणा 2017 पासून टप्प्याटप्प्यानं बसवत मार्च 2024 मध्ये पुरी केली. व्हीएनं केलेली घाई मात्र अनाकलनीय आहे. स्पोकेनची ही अवस्था असताना 2022 मध्ये वाला वाला, कोलंबस, रोझबर्ग आणि व्हाइट सिटी या चार ठिकाणी तिचा विस्तार केला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये ओरॅकल कंपनीनं सुमारे 28 अब्ज डॉलर मोजून सर्नर विकत घेतली, म्हणजे गाडी घाटात असताना ड्रायव्हरही बदलला. एप्रिल 2023 मध्ये व्हीएनं पुढचं काम थांबवलं.

सरळ काम कुणाचंच होत नाही, हेही सांगायला हवं. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स हॉस्पिटलनं ऑक्टोबर 2014 मध्ये एका फटक्यात एपिक सुरू केलं. रक्ततपासण्यांसकट अनेक ठिकाणी कामं अडली आणि वर्षभरात हॉस्पिटलवर सरकारी देखरेख आली. पुढे याच हॉस्पिटलची गणना देशातल्या डिजिटल कारभारात आघाडीवर असलेल्यांत होऊ लागली. आणि मॅसॅच्युसेट्स जनरल? मम्प्सचं माहेर. तिथे पुढच्या पिढ्यांनी घरच्या घरी अनेक यंत्रणा बांधल्या होत्या. त्या मोडीत काढून 2016 मध्ये त्यांनी एपिक आणलं. हॉस्पिटलसमूहाचा त्या प्रकल्पावरचा खर्च 1.2 अब्ज डॉलर सांगितला गेला. म्हणजे 1966 मध्ये याच वास्तूत रुजलेलं झाड विस्कॉन्सिनमध्ये वाढून, नव्या रंगाच्या पडद्यांमागे दडून, अब्जावधी डॉलरला माहेरी परत आलं. जुन्याला नव्यानं हटवलं असं आपण म्हणतो. इथे कोणी कोणाला हटवलं, हे मला ठरवता आलेलं नाही.

व्हीएची गाडी मार्च 2024 मध्ये एका टप्प्यापुरती पुन्हा हलली. नॉर्थ शिकागो शहरातलं लोव्हेल हॉस्पिटल संरक्षण खातं आणि व्हीए मिळून चालवतात, तिथे नवी यंत्रणा सुरू झाली. डिसेंबर 2024 मध्ये जाहीर झालं की पुढची पाळी मिशिगन राज्यातल्या चार हॉस्पिटलांची, आणि तीही 2026 च्या मध्यावर. संपूर्ण काम आणि त्यानंतरची देखभाल धरून 28 वर्षांचा खर्च सुमारे 50 अब्ज डॉलरवर जाईल, असा एका संस्थेचा 2022 मधला अंदाज होता. मूळ कराराच्या पाचपट.

दरम्यान स्पोकेनचा एखादा माजी सैनिक ओरेगनमधल्या पोर्टलंडला राहायला गेला, तर त्याची अर्धी कुंडली ओरॅकलच्या तक्त्यांत असते आणि पोर्टलंडचं हॉस्पिटल मम्प्सच्या झाडावर लिहीत असतं. तिथल्या डॉक्टरसाठी या दोन्हींत डोकावणारी एक तिसरी खिडकी आहे, जॉइंट लाँगिट्यूडिनल व्ह्यूअर नावाची. तिच्यात दोन्हीकडचं एकत्र दिसतं, पण लिहिता काही येत नाही. लिहायचं असेल तर डॉक्टरनं आपल्याच हॉस्पिटलच्या पडद्यावर जावं. शेवटचं हॉस्पिटल नव्या यंत्रणेवर जाईपर्यंत व्हीएला व्हिस्टा जिवंत ठेवावाच लागणार. त्यासाठी माणसं लागणार आणि त्यांना मम्प्स यावी लागणार. दोन अधिक तीन गुणिले चार म्हणजे वीस, हे अजून बरीच वर्षं कुणालातरी शिकवावं लागणार आहे.